विहीर मे महिन्यात मोजावी



२०१९ सालच्या उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या एका गावी लग्नाला गेलो होतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण तसली गावे पुष्कळ आहेत आणि एकट्यालाच नावे ठेवणे बरे नव्हे. वेशीपाशी एक भला मोठा फलक लागला. वर ठळक अक्षरांत ‘जलपरिपूर्ण गाव’ आणि खाली सिमेंट बंधारे किती, नाला खोलीकरण किती मीटर, बांधबंदिस्ती किती हेक्टर, सगळा हिशेब रंगवलेला. त्या फलकाच्या सावलीत हंडे-घागरींची रांग लावून बायका टँकरची वाट पाहत बसल्या होत्या. मी फलक वाचतो आहे हे पाहून एक आजी म्हणाल्या, “वाचा, वाचा. सावलीला लई बेस हाय बघा ह्यो.”

फलकावरचे आकडे खोटे नव्हते, हे मुद्दाम सांगतो. जेवणे झाल्यावर वराकडील दोघा मंडळींबरोबर मी नाल्याने हिंडून आलो. बंधारे जागच्या जागी होते, कामही बरे होते. फक्त पाणी नव्हते. मोजणाऱ्याने मोजले ते बरोबरच मोजले. जे मोजायला हवे होते ते मात्र मोजलेच नाही. आजचे पान त्याच गोष्टीसाठी आहे.

हवामान बदलते आहे हे आता शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको. मृग कोरडा जातो, ऐन फुलोऱ्यात वीस-वीस दिवसांचा खंड पडतो आणि काढणीच्या वेळी आभाळ फाटते. ह्या लहरीपणाशी जुळवून घेण्यासाठी सरकार, बँका, संस्था सगळीकडून योजना येतात, पैसाही येतो. परंतु योजना फळली की नाही, हे ओळखायचे कसे? कारखान्याचा धूर कमी झाला का, हे टनात सांगता येते. गावाने वाईट साल किती निभावले, हे सांगायला मात्र असे एकच माप नाही. २०१५ साली पॅरिसला सगळ्या देशांनी जुळवून घेण्याचे ध्येय मान्य केले. त्याची प्रगती कशाने मोजायची ह्या खुणांची यादी ठरायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. ब्राझीलमधल्या बेलेम गावी ५९ खुणांवर मान डोलावली गेली. म्हणजे आपल्या गावच्या ग्रामसेवकाला हे जमले नाही तर त्याला एकट्याला दोष देऊ नका.

आता आपल्याकडचे पाहू. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यात जलयुक्त शिवार अभियान सुरू झाले. २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा आणि त्यासाठी दर वर्षी पाच हजार गावे घ्यायची, असा संकल्प होता. त्यापुढचा पावसाळा वाईट गेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी न्यावे लागले, हे तुम्हांला आठवत असेल. मग त्याच वर्षी मराठवाड्यात मनाजोगता पाऊस झाला. बंधारे तुडुंब भरले, मंडळींनी नारळ फोडले, छायाचित्रे निघाली आणि योजना यशस्वी झाली असे बोलले जाऊ लागले. पुढे २०१८ चा पाऊस दगा देऊन गेला. ऑक्टोबरअखेर १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर करावा लागला आणि पुढच्या उन्हाळ्यात राज्यात सहा हजारांवर टँकर धावत होते. २०२० साली भारताच्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे ‘कॅग’चा अहवाल आला. ९,६३३ कोटी ७५ लाख रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजलाची पातळी वाढवण्यात अभियानाचा फारसा परिणाम दिसला नाही, असे त्यात म्हटले आहे.

ह्यावर त्या वेळी राजकारण पुष्कळ झाले. त्यात आपल्याला पडायचे नाही. काही गावांना ह्या कामांचा उपयोग झाला, तेही मी पाहिले आहे. माझे म्हणणे एवढेच की, २०१६ साली बंधारा भरला ते श्रेय पावसाचे होते. बंधाऱ्याची परीक्षा २०१८ साली होती, आणि त्या परीक्षेची उत्तरपत्रिका फार थोड्या गावांनी लिहून ठेवली.

बैल बाजारात उभा असताना सगळेच देखणे दिसतात. त्याला उभ्या चढावर भरल्या गाडीला जुंपला म्हणजे कळते. तसेच हे आहे. चांगल्या पावसाच्या वर्षी घेतलेले माप योजनेचे नसते. दोन सारख्या पावसाची साले शेजारी ठेवून पाहावीत. एक कामाच्या आधीचे, एक नंतरचे. २०१५ ला विहीर फेब्रुवारीत आटली आणि तेवढ्याच पावसाच्या दुसऱ्या एखाद्या साली एप्रिलपर्यंत टिकली, तर दोन महिने कमावले म्हणावे. आणि जमल्यास शेजारच्या, काम न झालेल्या गावची विहीरही पाहावी. तिथेही पाणी तेवढेच टिकले असेल तर आपण कशाचा गुलाल उधळला, हे विचारावे लागेल.

दुसरी गोष्ट हिशेबाची. अधिकारी मंडळी ‘टीसीएम’मध्ये बोलतात. टीसीएम म्हणजे हजार घनमीटर, अर्थात दहा लाख लिटर. समजा, तुमच्या गावच्या नाल्यावर दहा टीसीएमचा बंधारा झाला. एक कोटी लिटर पाणी! ऐकायला केवढे वाटते. परंतु उसाला पाटाने पाणी द्यायचे तर वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास लागते. एका एकराचे ते ऐंशी लाख लिटर झाले. म्हणजे ज्या बंधाऱ्याच्या उद्घाटनाला अख्खे गाव जमले, तो बंधारा एकटा एक सव्वा एकर ऊस पिऊन टाकतो. बंधारा झाला त्याच वर्षी त्याच्या काठाला दोन नव्या बोअर पडल्या आणि ऊस लागला, तर जमाखर्च कुठे गेला ते सांगायला नको. किती पाणी अडवले हा अर्धाच प्रश्न आहे. किती उपसले हे विचारल्याशिवाय तो पुरा होत नाही. आणि अडवलेल्यातले काही पाणी एरवी खालच्या गावाला गेले असते, हेही जमेला धरावे लागते. वरच्या गावाचे यश आणि खालच्या गावाची टंचाई एकाच नाल्यातून निघू शकते.

शेततळ्याची गोष्टही अशीच. पावसाचे वाहून जाणारे पाणी धरावे आणि खंड पडला की पिकाला एखादे पाणी द्यावे, हा शेततळ्याचा मूळ हेतू. पण कित्येक ठिकाणी त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला जातो आणि विहिरीचे नि बोअरचे पाणी उपसून ते भरले जाते. जमिनीखाली गार राहिलेले, सगळ्यांच्या विहिरींना मिळणारे पाणी वर काढून एकाच्या तळ्यात उन्हाला ठेवायचे. तीस मीटर लांब-रुंद तळ्यातून एक मिलिमीटर वाफ झाली तरी नऊशे लिटर पाणी जाते, आणि कडक उन्हाळ्यात दिवसाला सात-आठ मिलिमीटर सहज उडते. सहा-सात हजार लिटर, रोज! योजनेच्या कागदावर हे तळे दुष्काळाशी जुळवून घेतल्याची एक खूण म्हणून मोजले जाते. शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याची विहीर महिनाभर आधी आटली, त्याला मात्र त्या कागदावर रकाना नाही. तळेवाल्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. द्राक्षाची, डाळिंबाची बाग लाखो रुपये खाऊन उभी असते, ती वाचवायला माणूस काहीही करील. परंतु गाव सावरले असे म्हणायचे असेल तर माप नाल्याकाठच्या विहिरीवर घेऊन चालणार नाही. ते माळावरच्या विहिरीवर, हातपंपावर आणि ज्याला विहीरच नाही त्याच्या घरी घ्यावे लागेल.

असे माप घेणारे गाव महाराष्ट्रात आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार तुम्हांला ऐकून माहीत आहे. लोक तिथे बंधारे आणि झाडी पाहायला जातात. मला विचाराल तर तिथली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे पर्जन्यमापक आणि वही. पाऊस गावातच मोजला जातो. पावसाळा सरला की हाती आलेल्या पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. माणसांचे आणि जनावरांचे पाणी आधी बाजूला काढायचे आणि उरेल त्यावर रब्बीत काय पेरायचे ते ठरवायचे. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही, केळी नाही. पोपटराव पवारांच्या गावाला हे सोपे गेले असेल असे समजू नका. कमी पावसाच्या साली शेजाऱ्याला ‘यंदा गहू कमी पेर’ असे सांगणे हे बंधारा बांधण्याहून अवघड काम आहे. पण तिथे यश मोजायची दुसरीही एक पट्टी होती. कामासाठी बाहेर गेलेली कुटुंबे परत आली. कुलूप लागलेली घरे उघडली, ह्याहून स्पष्ट माप कोणते?

ही पट्टी कोणत्याही गावाला लागू पडते. दुष्काळ सरल्यावर घरोघर विचारा: गोठ्यातली किती जनावरे विकावी लागली? दागिना मोडला का? पेरणीसाठी सावकाराकडे जावे लागले का? ऊसतोडीला किती जोड्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर किती पोरांची शाळा सुटली? आधीच्या दुष्काळात विचारलेले हेच प्रश्न कुठे लिहून ठेवलेले असतील तर दोन उत्तरे शेजारी ठेवा. हे प्रश्न घरातल्या बाईला विचारा, हेही सांगून ठेवतो. पाणी किती लांबून आणले हे कर्त्या पुरुषाला पुष्कळदा ठाऊकच नसते.

पिकाच्या पद्धतीतही असेच पारखता येते. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर पेरावे, पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा होतो आणि खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, असे कृषी खाते सांगते. म्हणणे पटण्यासारखे आहे. पण मग त्याच रानात चार ओळी जुन्या पद्धतीने राखून ठेवा. बियाणे तेच, खत तेच, पेरणीचा दिवस तोच. काढणीला दोन्हींची रास वेगळी तोला. आणि योजनावाल्यांनी अनुदानाच्या वर्षी किती हेक्टर पेरणी झाली हे मोजून थांबू नये. अनुदान बंद झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी किती जणांनी स्वतःच्या पैशाने तशीच पेरणी केली, तो आकडा खरा. शेतकरी फुकटचे घेतो, पण तोट्याचे दुसऱ्यांदा करत नाही.

आता तुमचे काम सांगतो. त्याला खर्च फारसा नाही. सरळ उभ्या बाजूंचा एक डबा उघड्यावर, झाडा-भिंतीपासून लांब ठेवा. सकाळी साडेआठ वाजता पट्टीने पाणी मोजा, वहीत लिहा आणि डबा ओता. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी दहा हजार लिटर, हे ध्यानात ठेवा. मंडळाच्या ठिकाणी सरकारी यंत्र असते खरे, पण त्याचा पाऊस तुमच्या शिवारात पडेलच असे नाही. मग विहीर. काठावर रंगाने एक खूण करा आणि त्याच खुणेपासून, सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी, दोराला दगड बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजा. सरकारची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. तुम्हीही तेच महिने धरा. एकच मोजायची असेल तर मे महिन्यातली मोजा. गावात नवी बोअर कुठे पडली आणि कोणते पीक किती एकर होते, हेही त्याच वहीत. हे काम शाळेतल्या मुलांकडे द्या. ती थोरांपेक्षा नेमाने करतात आणि कोणाची भीड धरून आकडा बदलत नाहीत.

एक इशारा मात्र. दुष्काळात टिकलेले गाव अतिवृष्टीत टिकेलच असे नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात पावसाने जो कहर केला, त्यात कित्येकांच्या रानातली माती खरवडून गेली, आणि त्यांत पाणी अडवण्याचे चांगले काम झालेले शिवारही असतील. दिवसाला पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की आपण अतिवृष्टी म्हणतो. अशा दिवशी कोणता बांध फुटला, सांडवा पुरला का, पाणी कोणाच्या रानात घुसले, हेही त्याच वहीत आले पाहिजे. आणि काम होऊन पाच-सात वर्षे झाली की बंधाऱ्यातला गाळ काठीने मोजा. जुन्या पाझर तलावांपैकी कित्येक असेच गाळाने भरून बसले आहेत. कारण बांधण्याला निधी होता, गाळ काढणे कोणाच्याच नावावर नव्हते.

ज्यांच्या गावी अशी वही आधीपासून आहे त्यांनी २०१८ आणि २०२५ ह्या दोन सालांची पाने उतरवून आमच्याकडे पाठवावीत. गावाचे नाव नको असेल तर तसे लिहा. पुढच्या अंकी गाळ काढण्याचा खर्च एकरी कसा वाटून घ्यावा, त्याबद्दल आलेल्या तीन पत्रांची उत्तरे देणार आहे.