पावडरचा डबा नको, ताटाचा हक्क हवा!

थायरॉईड, पाळीच्या तक्रारी आणि बिघडलेले पोट या तीन दुखण्यांवर सध्या आपल्या वस्त्यांमध्ये मोठा बाजार उभा राहिला आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, बचत गटाच्या बैठकीनंतर, इतकेच काय, जयंतीच्या मंडपाशेजारीही पावडरचे डबे, थेंबांच्या बाटल्या आणि कॅप्सूलची पाकिटे विकली जातात. 'थायरॉईड मुळापासून घालवा', 'हार्मोन बॅलन्स करा', 'आतडी साफ करा' असे दावे बिनधास्त केले जातात. विकणारे बहुतेक वेळा आपलेच असतात. नोकरभरती रखडली म्हणून घरी बसलेला पदवीधर असतो, चार घरची धुणीभांडी करून वर दोन पैसे मिळावेत म्हणून या साखळीत शिरलेली ताई असते. त्यांच्यावर राग काढण्यात अर्थ नाही. पण आपल्या घामाचा पैसा असा डब्यात जात असताना चळवळीने गप्प राहावे, हे आम्हाला मान्य नाही.

आमचे म्हणणे सरळ आहे. शरीराला पोषण लागते आणि काही वेळा ते गोळीतूनही घ्यावे लागते. पण कमतरता कशाची आहे हे तपासणीने ठरते, आणि ती आपल्याच वाट्याला एवढी का येते हे समाजव्यवस्था ठरवते. डब्याचा बाजार हे दोन्ही प्रश्न पुसून टाकतो.

तथागत बुद्धांनी केसपुत्त नगरातल्या कालामांना सांगितले होते की, ऐकीव आहे म्हणून, परंपरेने आले म्हणून किंवा गुरूने सांगितले म्हणून काही खरे मानू नका. स्वतः तपासा, हिताचे असेल तर स्वीकारा. पोथीला ही कसोटी लावणारे आपण, डब्याला का लावू नये?

आधी थायरॉईड. गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते. तिचे हार्मोन आयोडीनपासून बनते. प्रौढ माणसाला रोज साधारण १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर बाईला २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. हार्मोन तयार करणाऱ्या एन्झाइमला लोह लागते, तयार झालेले हार्मोन शरीराच्या कामाचे व्हायला सेलेनियम लागते. म्हणजे आहाराचा आणि थायरॉईडचा संबंध खराच आहे. बाजार याच अर्ध्या सत्यावर उभा आहे.

उरलेले अर्धे सत्य असे. जिथे आयोडीनयुक्त मीठ पोचले आहे, तिथे थायरॉईड कमी पडण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच त्या ग्रंथीवर उलटते. अशी झिजलेली ग्रंथी कोणत्याही पावडरने पुन्हा उभी राहत नाही. तिथे लेव्होथायरॉक्सिनची गोळी हाच उपचार आहे. ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि तिचा रोजचा खर्च एका कटिंग चहापेक्षा जास्त नाही. हजारोंचा डबा घेऊन ती बंद करायला लावणे हा गुन्हा आहे. गरोदर बाईने ती बंद केली तर पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो.

गोळी घेण्याची पद्धतही कुणी नीट सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. ती सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा घेऊ नये. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी आणि थायरॉईडची गोळी यांत किमान चार तासांचे अंतर ठेवावे, नाहीतर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन असते. त्याने थायरॉईडच्या तपासणीचा आकडा चुकीचा येऊ शकतो. समुद्री शेवाळाच्या कॅप्सूलमधून गरजेच्या कितीतरी पट आयोडीन पोटात जाते आणि त्यानेच ग्रंथी बिघडू शकते. अश्वगंधा 'नैसर्गिक' म्हणून बिनधोक मानली जाते, पण ती थायरॉईडचे हार्मोन वाढवू शकते आणि यकृताला इजा झाल्याची प्रकरणेही नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली. झाडपाल्याचे आहे म्हणून निरुपद्रवी आहे, हा समज आता सोडला पाहिजे.

या देशात थायरॉईडसाठी सर्वांत यशस्वी ठरलेले सप्लिमेंट कोणते? ते म्हणजे साधे आयोडीनयुक्त मीठ. १९५६ पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, मिठात आयोडीन मिसळले की गलगंडाचे प्रमाण उतरते. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढे आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकायला बंदी आली. २००० मध्ये केंद्र सरकारने ती उठवली आणि २००६ मध्ये पुन्हा लागू करावी लागली. तज्ज्ञांचे संशोधन, सरकारी कायदा आणि दहा-वीस रुपयांचा पुडा, एवढ्यावर गरिबांच्या मुलांचे मेंदू वाचले. आणि आज आरोग्याच्या नावाखाली काय खपवले जाते? गुलाबी मीठ आणि सैंधव. त्यात बहुधा आयोडीन मिसळलेले नसते. उपवासाचे मीठ रोजच्या स्वयंपाकात आणायचे आणि मग थायरॉईडची पावडर विकत घ्यायची, हा कसला शहाणपणा?

आता रक्ताकडे वळू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. थकवा, केस गळणे, धाप लागणे, चिडचिड या तक्रारी रक्तक्षयात असतात आणि यातल्या बऱ्याच थायरॉईडमध्येही असतात. लक्षणे सारखी असली तरी उपचार वेगळे आहेत. त्यामुळे तपासणी न करता 'तुम्हाला हार्मोनचा प्रॉब्लेम आहे' म्हणणारा माणूस अंदाज विकत असतो. हिमोग्लोबिन आणि टीएसएच या दोन तपासण्या आधी करा, डबा नंतर बघू. किशोरवयीन मुलींना शाळेत आठवड्याला एक आणि गरोदर बाईला १८० दिवस रोज एक लोहाची गोळी सरकारकडून फुकट मिळते. ती गोळी कोनाड्यात पडून राहते आणि तेच लोह चकचकीत बाटलीतून दसपट किमतीला घेतले जाते. लोहाच्या जेवणासोबत लिंबू किंवा आवळा घ्यावा आणि जेवणाला लागून चहा पिऊ नये. एवढ्यानेही फरक पडतो.

एक प्रश्न आपल्या घरालाही विचारला पाहिजे. जयंतीच्या भाषणात समतेवर बोलणाऱ्या किती घरांत बाई सगळ्यांच्या शेवटी जेवते? मटणाचे तुकडे बापाच्या आणि मुलाच्या ताटात, तिला रस्सा आणि उरलेली भाकरी. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या भरपगारी रजेच्या विधेयकाची बाजू मांडली होती. बाईच्या शरीराची काळजी घेणे हे देशाचे काम आहे, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या अनुयायांच्या घरात तरी तिचे ताट आधी वाढले जावे.

हार्मोनच्या बाबतीत आम्हाला बीडची आठवण करून द्यायची आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पुढे आला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली तेव्हा सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यातल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर मजुरी कापली जाते, फडात ना संडास ना पाणी, आणि तक्रार घेऊन गेले की कॅन्सरची भीती घातली जाते. गर्भाशयाबरोबर अंडाशयेही काढली की इस्ट्रोजेन एकदम थांबते, ऐन तारुण्यात रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होत जातात. या बाईला 'हार्मोन बॅलन्स'ची कॅप्सूल विकणार का? तिचे हार्मोन मुकादमाच्या उचलीने आणि कारखान्याच्या हंगामाने बिघडवले आहेत.

शहरातल्या आपल्या मुलींमध्ये पीसीओएस दिसते. त्यामागे पुष्कळदा इन्सुलिन नीट काम न करणे असते. त्यावर वेळेवर जेवण, डाळ-अंडी-मासळी, गोड पेये आणि मैदा कमी करणे, चालणे-खेळणे आणि पुरेशी झोप यांचा उपयोग होतो. गरजेप्रमाणे डॉक्टर औषध देतात. पण आठ बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या मुलीला 'लाइफस्टाइल बदल' एवढेच सांगून भागत नाही. मैदान, सुरक्षित रस्ता आणि कामाचे ठरलेले तास या तिच्या हार्मोनच्याच मागण्या आहेत.

पोटाचेही तसेच. आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना तंतुमय अन्न लागते, म्हणून प्रोबायोटिकची कॅप्सूल घ्या, असे सांगितले जाते. ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची मटकी, हुलगे, अंबाडी, तांदुळजा, घोळ, ताक आणि आंबील हे सगळे आपल्या आज्यांच्या चुलीवर होतेच. मात्र नळाला दिवसाआड गढूळ पाणी येत असेल आणि शेजारून गटार वाहत असेल, तर कुठल्या कॅप्सूलने पोट बरे होणार? वारंवार जुलाब आणि जंत झाले की खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही. महाडला १९२७ मध्ये आपण चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, ते माणूस म्हणून हक्क बजावण्यासाठी. स्वच्छ पाण्याचा हक्क हा त्याच लढ्याचा पुढचा टप्पा आहे. आणि शौचातून रक्त जाणे, वजन झपाट्याने उतरणे, महिनोन्महिने जुलाब राहणे ही लक्षणे दिसली तर 'डिटॉक्स'च्या नादी न लागता थेट डॉक्टर गाठावा.

आता मुळावर येऊ. या देशात कुणी काय खायचे हे जात ठरवत आली. 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातल्या चकवाडा गावची घटना दिली आहे. तीर्थयात्रेहून आलेल्या एका अस्पृश्याने जातभाईंना तुपातले जेवण दिले, म्हणून सवर्णांनी लाठ्या घेऊन पंगतीवर हल्ला केला. तूप परवडण्याचा प्रश्न नव्हता, तूप खाण्याची हिंमत केली हा अपराध होता. आज लाठीची जागा 'सात्त्विक' या शब्दाने घेतली आहे. शहाजी नव्हे, शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा म्हटले, ते स्वाभिमानासाठी. ताज्या मांसाला, मासळीला, अंड्याला कमी लेखणे हा त्याचा अर्थ नव्हे.

आणि विज्ञान काय सांगते? बी-१२ हे जीवनसत्त्व निसर्गतः प्राणिज अन्नातूनच मिळते. कलेजीतले लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषले जाते. सुकट-बोंबलात प्रथिने, कॅल्शियम आणि आयोडीन आहे. अंड्यात प्रथिने, बी-१२ आणि सेलेनियम आहे. ज्या अन्नाला हिणवले, त्याच अन्नातले घटक आज डब्यात भरून आपल्यालाच विकले जातात. दुसरीकडे २०१५ मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैलाच्या मांसावरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त प्रथिन गेले. २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू झाले, तर २०२५ च्या जानेवारीत राज्य सरकारने त्यासाठीचा निधी बंद केला. आठवड्याला एक अंडे! तेही जड झाले. लोकांचे पोषणमान उंचावणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे, असे संविधानाचे अनुच्छेद ४७ सांगते. ते अंड्याच्या वेळी कुणाला आठवत नाही.

कायद्याचेही भान ठेवा. गलगंड आणि पाळीच्या विकारांवर औषध म्हणून जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने मनाई आहे. हेल्थ सप्लिमेंटच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' असे छापणे बंधनकारक आहे. ती बारीक अक्षरे इंग्रजीत असतात, म्हणून शिकलेल्या पोरांनी ती वस्तीत वाचून दाखवावीत. माणसे जोडण्याच्या मोबदल्यावर चालणाऱ्या पिरॅमिड योजनांना २०२१ च्या थेट विक्री नियमांनी बंदी आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी कामाला लागावे. विहारात आणि जयंतीच्या मंडपात डब्यांच्या विक्रीला जागा देऊ नये. तिथे हिमोग्लोबिन आणि टीएसएच तपासणीचे शिबिर घ्यावे. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात टीएसएचची तपासणी आणि थायरॉईडची गोळी मोफत मिळते का, हे लेखी विचारावे आणि मिळत नसेल तर ती मिळेपर्यंत पाठपुरावा करावा. पोषण आहारात अंडे परत आणावे, रेशनवर डाळ मागावी, ऊसतोड बायकांसाठी फडावर पाणी, संडास आणि पाळीची रजा मागावी. साखळीत अडकलेल्या तरुणाला हिणवू नका, त्याच्या रोजगारासाठी लढा.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, यातले शिकणे आपल्या शरीरालाही लागू आहे. स्वतःचा रिपोर्ट वाचता येणे, गोळीचे नाव माहीत असणे आणि आपल्या ताटात काय कमी आहे व कुणामुळे कमी आहे हे सांगता येणे, हे शिक्षण प्रत्येक वस्तीत पोचले पाहिजे.

जयभीम!