घोरणाऱ्या कुत्र्याची कैफियत

दिवाळीच्या फराळाशी रडगाणे गाऊ नये, हा संकेत मला ठाऊक आहे. तरीही तो मोडतो आहे. कारण ज्या गुन्ह्याचा जाब मी आज इतरांना विचारणार आहे, त्यातला पहिला आरोपी मीच आहे.

काही वर्षांपूर्वी मी पग जातीचे एक पिल्लू विकत घेतले. २००३ साली एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत असले कुत्रे एका मुलाच्या मागोमाग चालू लागले आणि मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांत त्याची वर्णी लागली. आमच्याकडे ते उशिरा पोचले, एवढेच. नाव ठेवले मोती. विक्रेत्याने वंशावळीचा कागद दिला. तो मी मुलीच्या पदवीपत्राशेजारी जपून ठेवला. मोती जागेपणीही घोरत असे. पाहुणे आले की मी त्यांना ते घोरणे ऐकवी आणि आम्ही सारे हसत असू. पाचव्या वर्षी, मे महिन्यातल्या एका दुपारी वीज गेली, पंखा थांबला आणि मोती तासाभरात धापा टाकीत गेला. पशुवैद्य म्हणाले, "ते घोरणे नव्हते हो. जन्मभर त्याचा श्वास कोंडत होता."

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. पगचे मुस्कट माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून चेपले. हाड आखडले, पण आतला मऊ टाळू त्या मानाने आखडला नाही. तो घशात लोंबतो, नाकपुड्या चिरेएवढ्या उरतात आणि वाऱ्याची वाटच बुजते. हे दुखणे त्या जिवाला झाले नाही. ते आपण मागणी नोंदवून घडवून घेतले.

आणि पग एकटा नाही. बुलडॉगचे डोके एवढे मोठे आणि मादीची कंबर एवढी अरुंद, की २०१० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर पाच बाळंतपणांपैकी चारांहून अधिक पोट चिरून करावी लागल्याचे आढळले. डॅक्सहुंडच्या लांब पाठीतल्या मणक्यांच्या चकत्या सरकतात. कॅव्हेलियर स्पॅनियलच्या हृदयाची झडप गळते आणि कवटी मेंदूला अपुरी पडते. जी जात आपल्या बळावर जन्मही घेऊ शकत नाही, तिला आपण 'अस्सल' म्हणतो!

या अस्सलपणाचे मूळ एका वहीत आहे. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि नोंदलेल्या आईबापांचेच पिल्लू नोंदायचे, ही रीत पुढे जगभर रुळली. वही बंद झाली की रक्त त्याच वर्तुळात फिरत राहते. मोती गेल्यावर मी तो जपलेला कागद पहिल्यांदा नीट वाचला. त्याच्या आईचा बाप आणि बापाचा बाप एकच! आपल्या घरांत सगोत्र स्थळ आले तर आजीबाई कानांवर हात ठेवतात. आणि त्याच घरात भावाबहिणीच्या पोटचे पिल्लू खानदानी म्हणून मिरवले जाते.

कोणी म्हणेल, गावठी कुत्रीही आजारी पडतातच. पडतात. पण प्रत्येकाच्या कपाळी तेच दुखणे लिहून ठेवलेले नसते. दुसरा म्हणेल, संकर केला तर जात बुडेल. त्याला मी डाल्मेशियनची गोष्ट सांगतो. या ठिपकेवाल्या जातीत एक जनुकदोष इतका मुरला होता, की नोंदलेले प्रत्येक कुत्रे मूत्रखड्यांचा धोका घेऊनच जन्मे. १९७३ साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल या आनुवंशशास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके राहिले, दोष गेला. १९८१ साली तिथल्या केनेल क्लबने अशी दोन कुत्री नोंदली. पण जातीच्या अभिमान्यांनी ओरड केली आणि दार बंद झाले. ते उघडले २०११ साली. औषध हातात असताना तीस वर्षे रोग्याला तडफडत ठेवले, कारण औषधाचे कूळ हलके होते! हे जातिप्रेम नव्हे. हा जातीचा माज आहे, आणि त्याचा वास आपल्याला ओळखीचा असायला हरकत नाही.

नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली कॅव्हेलियरची पैदास प्राणिकल्याणाच्या कायद्याविरुद्ध ठरवली. शास्त्रशुद्ध संकराची वाट तेवढी मोकळी ठेवली. आपण न्यायालयाची वाट कशाला पाहावी? आपल्याच दख्खनच्या पठारावर कारवानी कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या निवडला गेला तो धावण्यावर आणि शिकारीवर. ज्याला दम नाही, त्याची निवडच होत नसे. कुत्रे काय करू शकते, हे पाहून ते निवडत. आपण ते कसे दिसते, एवढेच पाहतो.

म्हणून माझे म्हणणे रोखठोक आहे. पैदास करणाऱ्याला शिव्या देऊन आपले हात धुतले जात नाहीत; गिऱ्हाईक आपण आहोत. चेपलेले नाक पाहून ज्याला 'किती गोड!' म्हणावेसे वाटते, त्याने एक मिनिट स्वतःचे नाक अर्धे दाबून जिना चढून पाहावा. पिल्लू घ्यायचेच असेल, तर त्याच्या आईबापांना धावताना पाहा, त्यांचा श्वास ऐका. नाहीतर दाराशी शेपूट हलवीत उभे असलेले गावठी पोर घरात घ्या.

मोतीचा कागद अजून माझ्यापाशी आहे. त्यावर बापाचे नाव आहे, आजोबाचे आहे, पणजोबाचे आहे. श्वासाचा रकाना मात्र त्यात नाही.