फॅमिली ग्रुपला गाइड कशाला लागतो? ‘नाही’ म्हणायला!

ट्रॅव्हलच्या धंद्यात उतरायचं म्हणणारे बरेच जण मला एकच गणित दाखवतात. घरचे बारा जण, लोणावळ्यात दोन दिवस. स्वतः आले तर खर्च इतका, पॅकेज घेतलं तर इतका, आणि मधल्या फरकात आपला नफा. मग पुढचा प्रश्न येतो: "सर, आता हॉटेल, गाडी सगळं मोबाइलवर बुक होतं. पॅकेज घेणार कोण?"

प्रश्न बरोबर आहे. बुकिंगसाठी तुम्हाला कोणी पैसे देणार नाही. पण फॅमिली ग्रुपला ज्याची खरी गरज असते ती गोष्ट मोबाइलवर बुक होत नाही, आणि ती विकायला आपल्या मावळात फार कमी लोक बसलेत.

आधी ग्रुपकडे बघा. प्रत्येक कुटुंबात एक फुकटचा टूर मॅनेजर असतो. दुकानाच्या काउंटरवर उभं राहिलं की तो लगेच ओळखू येतो. बाकीचे चिक्कीची चव बघत असतात आणि हा फोनवर ड्रायव्हरला पार्किंग सांगत असतो. बऱ्याचदा ती घरची सून असते. आजोबांच्या बीपीच्या गोळ्या तिच्या पर्समध्ये, पोरांचा खाऊ तिच्या पिशवीत, आणि रूम आवडली नाही तर बोलणीही तिलाच. सहलीच्या बजेटमध्ये तिच्या दोन दिवसांची किंमत कोणी धरत नाही. स्वतः गेल्यावर जे पैसे वाचतात त्यातले निम्मे तरी तिच्या डोक्यावरून वसूल झालेले असतात.

पण या बिनपगारी मॅनेजरची खरी अडचण वेगळी आहे. त्याला काम सगळं असतं, अधिकार काहीच नसतो. मोठे काका म्हणाले "अरे, गुडघाभर तर पाणी आहे, चला", तर भाचा त्यांना थांबवू शकत नाही. नव्या जावयाला "तिकडे कड्याजवळ उभे राहू नका" असं सासरचं कोण सांगणार? नात्यात नकार देणं अवघड असतं, त्यात सहलीचा मूड. ग्रुप जितका मोठा तितकं प्रत्येकाला वाटतं की दुसरा कोणीतरी बघत असेल.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात हडपसरहून आलेल्या एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. एक महिला आणि चार मुलं. पाणी अचानक वाढलं. मला त्या कुटुंबाकडे अजिबात बोट दाखवायचं नाही, कारण त्या दिवशी तिथे गेलेलं कुठलंही कुटुंब त्या जागी असू शकलं असतं. त्यानंतर प्रशासनाने बंदीचे आदेश काढले. पुढच्या वर्षी, १५ जून २०२५ ला, कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दी असताना कोसळला आणि चार जण गेले.

घाटमाथ्यावर आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या उतारावर पाऊस कोसळत असतो. पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहून येऊ लागल्या, आवाज बदलला, की बाहेर पडायचं. इथल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पुणे-मुंबईहून पहिल्यांदा आलेल्याला हे कळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पाणी देत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लोणावळा-मावळसाठी पूर्ण पॅकेज घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं. स्वतःच्या गाडीने या, नाहीतर पुण्याहून लोकलने या, हव्या त्या हॉटेलात राहा. आजीला दुपारी झोपायचं असेल तर झोपू द्या. टूरच्या घड्याळात ते बसत नाही. पण पाणी, कडा आणि लेणी या तीन ठिकाणी अर्धा दिवस इथला माहीतगार माणूस सोबत घ्या, पैसे देऊन. लांबच्या प्रवासाचं वेगळं. परदेशात, चारधामला, काश्मीरला म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना टूर कंपनीच बरी. १९८४ ला सुरू झालेली केसरी काय किंवा २०१३ ची वीणा वर्ल्ड काय, मराठी माणूस तिथे जातो तो सोबत मराठी बोलणारा, ओळखीचं जेवण देणारा कोणीतरी जबाबदार माणूस मिळतो म्हणून.

आणि हे काही आपण बाहेरून शिकलेलो नाही. वारीतली दिंडी बघा. भिशी भरायची, जेवण आणि तंबूची सोय दिंडीने करायची, आपण फक्त चालायचं. माउलींच्या पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंच केला की एवढा मोठा जनसमुदाय गप्प होतो. तिथे कोणी विचारत नाही की हा कोण सांगणारा. शिस्तीचा अधिकार एकाला आधीच दिलेला असतो. फॅमिली ग्रुपमध्ये नेमका तो चोपदार नसतो.

आता दुसरी बाजू, कारण नुसतं ‘नाही, नाही’ ऐकायला कोणी पैसे देणार नाही. ज्या माणसाने धबधब्यावर जाऊ दिलं नाही, त्याने त्याच दिवशी दुसरं काहीतरी भारी दाखवलं पाहिजे. कार्ल्याचंच घ्या. शेकडो कुटुंबं एकवीरा आईच्या दर्शनाला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या चढून येतात, रांगेत उभी राहतात आणि शेजारच्या चैत्यगृहासमोर फोटो काढून उतरतात. आत छताला सागवानी लाकडाच्या कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षं जुन्या. तिथल्या शिलालेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे जंबुद्वीपातलं सर्वोत्तम लेणं पूर्ण केलं असं कोरलंय. श्रेष्ठी म्हणजे व्यापारी, आपल्याच जातकुळीतला माणूस! खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. बोरघाटातून माल जायचा, त्या पैशातून ही लेणी उभी राहिली. हे दहा मिनिटांत नीट सांगता आलं तर पोरं मोबाइल खिशात ठेवतात. आजोबांना पायऱ्या झेपत नसतील तर त्यांच्यासाठी खाली सावलीत बसायची सोय आधी बघून ठेवायची, हेही त्याच माणसाचं काम. लोहगडही आता २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांमध्ये. नवे लोक येणारच आहेत.

हिशोब करू. समजा बारा जणांच्या ग्रुपला अर्ध्या दिवसाचे ३,००० घेतले, म्हणजे माणशी २५०. शनिवार-रविवार मिळून चार फेऱ्या, गल्ला १२,०००. मागे चालणारा एक मदतनीस, फेरीला ७०० प्रमाणे २,८००. पेट्रोल, फोन, प्रथमोपचाराचं सामान मिळून १,२०० धरा. उरले ८,०००. आता एक फेरी पावसामुळे रद्द करून पूर्ण पैसे परत दिले, तर मदतनीसाचे ७०० वाचून हातात ५,७०० राहतात. माझा आग्रह असा की तुमचा रेट या ५,७०० वर ठरवा, ८,००० वर नाही. ज्याने रद्द फेरीचे पैसे रेटमध्ये धरलेले नसतात, त्याची जीभ ऐनवेळी अडखळते. तो म्हणतो, "बघू, जाऊन तर येऊ." तिथेच धंदा आणि माणूस दोन्ही धोक्यात.

रिव्ह्यूची भीती सगळ्यांना असते. त्यावर उपाय आधीच लिहून देणं. अ‍ॅडव्हान्स घेतानाच व्हॉट्सॲपवर एक ओळ पाठवा: "पाण्यात आणि कड्यावर जायचं की नाही हे आम्ही ठरवू, ठिकाण बंद असेल तर लेणी दाखवू किंवा पैसे परत देऊ." ही ओळ वाचून काही जण येणार नाहीत. जाऊ द्या त्यांना. कुटुंब घेऊन येणारी सून मात्र हीच ओळ वाचून तुम्हाला फोन करेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी सीएला एकदा विचारा. पांढऱ्या नंबर प्लेटच्या गाडीत भाडं घेऊन लोक फिरवू नका. गाडी लागलीच तर पिवळ्या प्लेटवाल्याशी ठरवा. पर्यटन मंत्रालयाचा इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर हा ऑनलाइन कोर्स आहे, तो बघून ठेवा. आणि सुरुवात जुलैत करू नका. नोव्हेंबरमध्ये करा, भाजे आणि कार्ल्यापासून. मळवली स्टेशनला उतरून भाजे चालत गाठता येतं, पाहुणे शांत असतात, पायवाटा कोरड्या असतात. जून येईपर्यंत प्रत्येक वाट आणि प्रत्येक ओढा तुमच्या पायाखालून गेलेला असेल.