पिंपळावरचा पाहुणा



मीरा रोडच्या सिल्व्हर पार्क भागात सकाळी सातची वेळ म्हणजे नुसती धांदल. नळाचे पाणी, मुलांचे डबे, शाळेची रिक्षा, आणि लोकल चुकू नये म्हणून धावणारी माणसे. परवा अशाच वेळी कुंपणाजवळच्या पिंपळावरून घारीसारखी किंचाळी आली. पाहतो तो फांदीवर दोन फूट लांबीचा राखी रंगाचा पक्षी! बाकदार मोठी चोच, चोचीवर लहानसे शिंग, लांब शेपटी. चोचीने एकेक पिकले फळ तोडून तो वर उडवायचा आणि झेलून गिळायचा. दूधवाला थांबला, रिक्षावाल्या काकांनी इंजिन बंद केले, मुले दप्तरासकट वर बघत राहिली. पाच मिनिटे कुणालाच घाई नव्हती.

हा राखी धनेश. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आपल्यापासून फार दूर नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळे हे त्याचे आवडते खाणे. त्यामुळे फळांनी लगडलेला पिंपळ असला की तो वस्तीतही येतो.

याचा संसार ऐकण्यासारखा आहे. उन्हाळ्यात मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व चिखलाने तोंड लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. मग कित्येक आठवडे नर बाहेरून फळे, किडे आणून त्या फटीतून तिला आणि पिलांना भरवतो. घरात बाळंतीण असताना 'हे बायकांचे काम' म्हणणाऱ्या आपल्या पुरुष मंडळींनी हे जरूर वाचावे! त्या दिवसांत नर मारला गेला, तर आतल्या जिवांवर उपासमारीची पाळी येते. तरीही धनेशाच्या चरबीचे तेल सांधेदुखीवर चालते, या अंधश्रद्धेपायी हे पक्षी मारले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. कुणी असे तेल विकायला आले तर तिची आठवण ठेवावी. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदाही आपल्या बाजूने आहे.

भाईंदरची खाडी ओलांडली की पलीकडे वसई तालुक्यातले सोपारा. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. या लेखाचा आशय असा : पूर्वीचे राजे शिकार आणि करमणुकीसाठी सहली काढत. अशोकाने राज्याभिषेकानंतर दहाव्या वर्षी संबोधीला, म्हणजे बोधगयेला, जाऊन त्याऐवजी धम्मयात्रा सुरू केली. ज्या राजाने शिकारीचा आनंद सोडला, त्यानेच पुढे रस्त्याच्या कडेला माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावले. ही शिकवण आपल्या अगदी शेजारच्या गावात दगडावर कोरलेली होती. प्राण्याला न मारता, न पकडता, नुसते पाहूनही आनंद होतो, हे त्या सकाळी मुलांना कुणी सांगावे लागले नाही.

पण हा आनंद टिकायचा तर झाड टिकले पाहिजे. धनेशाला स्वतः ढोली कोरता येत नाही. त्याला जुने, पोकळी असलेले झाडच लागते. आणि सोसायट्यांत पहिली कुऱ्हाड पडते ती अशाच झाडावर. 'पाने पडतात, कचरा होतो, भिंतीला मुळे जातात' ही कारणे ठरलेली. विहारात बोधिवृक्षापुढे हात जोडायचे आणि कुंपणाजवळचा पिंपळ तोडायला सही द्यायची, हे आपल्याला शोभत नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्यानुसार शहरातले झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. सोसायटीचा ठराव पुरेसा नाही. फांदी खरोखर धोक्याची असेल तर परवानगी घेऊन तेवढीच छाटावी. शक्य असेल तर मार्च ते जून हे विणीचे दिवस टाळावेत.

सोसायटीच्या सभेत हा विषय कुणीतरी काढायला हवा. पुरुष मंडळी पार्किंगवरच भांडत बसतात, तेव्हा भगिनींनीच तो काढावा. मुलांना हाताशी धरून आवारातल्या जुन्या झाडांची यादी करून न्यावी. कागदावर नोंद असलेले झाड गुपचूप तोडणे अवघड जाते.

जयभीम!