कारवीचं फूल आणि आपली पावलं

भंडारदऱ्याहून रतनवाडीकडे निघालं की अकोले तालुक्याच्या डोंगरउतारांवर कारवीची दाट झुडपं दिसू लागतात. गाठीगाठींची काटक खोडं, समोरासमोर आलेली खरबरीत, दातेरी पानं. सहा वर्षं नुसता पाला आणि सातव्या वर्षी पावसाळ्यात निळ्या-जांभळ्या घंटांनी अख्खा उतार भरून जातो.

बोंडं धरली की झाड वाळतं. पुढच्या पावसाच्या तोंडाला ती तडतडून फुटतात आणि बी दूर उडतं.

शास्त्रज्ञ नीस यांनी 1832 मध्ये या झुडपाचं वर्णन ‘स्ट्रोबिलँथिस कॅलोसा’ या नावाने केलं. 1944 मध्ये ब्रेमेकँप यांनी त्याला ‘कार्व्हिया’ ही वेगळी प्रजाती दिली, म्हणजे आपली कारवीच लॅटिनमध्ये गेली. पुढे अभ्यासकांनी ती पुन्हा स्ट्रोबिलँथिसमध्ये सामावून घेतली.

आदिवासींच्या घरांचे कूड कारवीचे, वर शेणमातीचा लेप. तिची मुळं उतारावरची माती धरून ठेवतात. बी धरण्याआधीच फुलोरा तुडवला, तर झाडाला दुसरी संधी नाही.

कास पठारावर पर्यटकांच्या संख्येला मर्यादा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातही फुलोऱ्याच्या वर्षी तशी मर्यादा हवी. तोवर पायवाट सोडू नका, फूल तोडू नका.