शेवटच्या सायकलीचे चाक उचलून पाहा

तुमच्यापैकी पुष्कळांजवळ सायकल असेल. शाळेला जायला ती रोज लागते, म्हणून तिच्याकडे तुमचे फारसे लक्षही जात नसेल. पण रविवारी सकाळी चार-सहा मित्र जमवून, डांबरी रस्ता सोडून पांदणीने किंवा टेकडीच्या गाडवाटेने तुम्ही कधी गेला आहात काय? गेला असाल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. अर्ध्या तासात टोळीची रांग लांबत जाते. दोघे पुढे दिसेनासे होतात, तिघे मध्ये गप्पा मारत असतात आणि एक जण फार मागून घामाघूम होऊन येत असतो. पुढचे त्याच्यासाठी थांबतात, तो येऊन पोहोचतो आणि तो पोहोचताच पुढचे निघतात. म्हणजे विसाव्याची ज्याला सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो मिळत नाही!

त्या मागच्या मुलाविषयी मला लिहायचे आहे. माझे म्हणणे एवढेच की, त्याच्या हिमतीला नावे ठेवण्यापूर्वी त्याची सायकल तपासा. हे मला वेळेवर सुचले नाही याची लाज वाटते, कारण मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो आणि घर्षणावर दरवर्षी न चुकता तासिका घेतो.

नागपूर जिल्ह्यातील आमची पारशिवनी सायकलवाल्यांना फार सोयीची आहे. गावाबाहेर पडले की काळ्या मातीतल्या पांदणी लागतात, पुढे तांबडा मुरूम, कालव्याच्या कडेचे रस्ते (कालव्याला आमच्याकडे नहर म्हणतात), आणि उत्तरेकडे सागाच्या जंगलाच्या टेकड्या. पेंच नदीच्या पात्रातील घोगरा महादेवाला जाऊन न्याहारीपर्यंत परतता येते. जरा लांब जायचे असेल तर नवेगाव खैरीचे धरण आणि कुंवारा भिवसेनचे देवस्थान आहे. नागपूर शहराचे पिण्याचे पाणी मोठ्या प्रमाणावर ह्याच धरणातून जाते. त्यापुढे मात्र सायकल वळवायची. पेंचचे जंगल १९७५ साली राष्ट्रीय उद्यान आणि १९९९ साली व्याघ्र प्रकल्प झाले. तेथे वनखात्याच्या परवानगीवाचून शिरता येत नाही, आणि जंगलालगतच्या वाटांवरही उजाडण्यापूर्वी किंवा दिवस मावळताना जाणे हा शुद्ध वेडेपणा आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या रविवारच्या टोळीत दहावीतला एक मुलगा येऊ लागला. सायकल वडिलांची, काळी, मोठ्या दांड्याची. बाकी मुलांपैकी तिघांजवळ गिअरच्या, जाड टायरच्या सायकली होत्या. हा मुलगा पहिल्या चढापासून मागे पडे. मुले त्याला ‘मालगाडी’ म्हणू लागली. मी त्यांना रागावलो नाही. उलट, “अरे, जरा दूध पीत जा,” असे मीही एकदा हसत म्हणालो. चौथ्या रविवारी तो आला नाही. पुढेही आला नाही.

महिन्याभराने मी पंक्चर काढायला बाजारातल्या सायकलच्या दुकानात गेलो, तेव्हा तीच काळी सायकल तेथे उलटी ठेवलेली होती. मिस्त्रीने मागचे चाक हाताने जोरात फिरवले. दोन फेरे झाले आणि चाक थांबले. “सर, हे चाक फिरूनच नाही राह्यलं. पोरगा काय करन?” तो म्हणाला. एक्सलवरचा कोन कोणीतरी आवळून ठेवला होता, आत वंगणाचा थेंब नव्हता, छर्रे झिजले होते आणि ब्रेकचे रबर एका बाजूने रिमला घासत होते. चाक उचलून एकदा फिरवायला पाच सेकंद पुरतात. तीन रविवार ती सायकल माझ्या डोळ्यांसमोर होती.

आता हिशेब करू या. मुलाचे वजन ४५ किलोग्रॅम आणि सायकलीचे २२, मिळून ६७ किलोग्रॅम धरा. सपाट मुरुमावर चाक लोळण्याला होणारा विरोध वजनाच्या सुमारे दोन शतांश धरला, तर तो १३ न्यूटन होतो. ताशी १२ किलोमीटर वेगाला हवेचा विरोध जेमतेम ३ न्यूटन असतो. म्हणजे एकूण १६. घासणारे ब्रेक आणि कोरडे छर्रे ह्यांचा विरोध समजा १० न्यूटन. आकडा लहान दिसतो, नाही? पण एवढ्याने १६ चे २६ झाले. त्याच वेगाने जायला इतरांना ५३ वॅट शक्ती पुरत असेल, तर ह्याला ८७ वॅट लागते. वीस किलोमीटरांच्या फेरीत त्या १० न्यूटनांविरुद्ध केलेले कार्य २,००,००० ज्यूल. एवढ्या ऊर्जेत मुलगा आणि सायकल मिळून ३०० मीटर उंच टेकडीवर चढले असते! दर रविवारी तो एक न दिसणारी टेकडी चढून येत होता आणि आम्ही त्याला दुधाचा सल्ला देत होतो.

चढावर गोष्ट आणखी बिघडते, आणि तेथे दोष केवळ घर्षणाचा नसतो. सायकलीचे दात मोजा. मी मोजलेल्या काळ्या सायकलींपैकी बहुतेकींना पुढच्या चक्राला ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात होते. पेडलचा एक फेरा म्हणजे मागच्या चाकाचे ४४ भागिले १८, अर्थात २.४४ फेरे. २८ इंची चाकाचा परीघ सुमारे २.२३ मीटर, म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.४५ मीटर पुढे जाते. वीस मीटरला एक मीटर चढ असेल, तर गुरुत्वाकर्षणाचे मागे ओढणारे बल ३३ न्यूटन, मुरुमाचे १३, एकूण ४६. (सुदृढ सायकल धरली आहे बरे का, घासणारे ब्रेक सोडून दिले.) एका फेऱ्यात २५० ज्यूल कार्य करावे लागते. क्रँकची लांबी १७ सेंटिमीटर, म्हणून प्रत्येक पाय ३४ सेंटिमीटर खाली दाबला जातो आणि दोन्ही पायांचे मिळून ६८. २५० ला ०.६८ ने भागा. ३६८ न्यूटन येतात, म्हणजे जवळजवळ ३८ किलोग्रॅम वजनाइतका दाब. पंचेचाळीस किलोचा मुलगा सीटवर बसून एवढा दाब देणार कसा? म्हणून तो पेडलवर उभा राहतो. मागून पाहणाऱ्याला वाटते, ह्याला सायकल नीट चालवता येत नाही.

गिअरच्या सायकलीवरील मित्राचे काय? त्याची सायकल १५ किलोची. पुढे २८ दात, मागे २८ दात असा हलका गिअर टाकला की, २६ इंची चाक पेडलच्या एका फेऱ्यात २.०६ मीटरच पुढे जाते. वरचीच आकडेमोड तुम्ही करून पाहा. दाब १३ किलोग्रॅमच्या आत येतो. अर्थात, गिअरने ऊर्जा फुकट मिळत नाही. त्याला त्याच चढावर अडीचपटीहून अधिक वेळा पाय फिरवावे लागतात. पण ३८ किलोचा दाब दर फेऱ्याला देणे आणि १३ किलोचा देणे ह्यांत स्नायूंच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. दोघांची शर्यत लावून ‘हा बळकट, तो दुबळा’ असे ठरवणे म्हणजे एका ताजव्यात खडा ठेवून तोलण्यासारखे आहे.

हे वाचून कोणी वडिलांजवळ गिअरच्या सायकलीचा हट्ट धरील, म्हणून लगेच दुसरी बाजूही सांगतो. डोंगरी सायकलीचा खेळ जेथे रुजला, तेथे सुरुवातीला गिअरही नव्हते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील फेअरफॅक्स गावाजवळ ‘रीपॅक’ नावाचा एक उतार आहे. तेथे ऑक्टोबर १९७६ मध्ये काही तरुणांनी पहिली शर्यत लावली. सायकली जुन्या, जाड टायरच्या आणि बोजड होत्या. त्यांचे ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच असत आणि पेडल उलटे दाबले की लागत. वर जाताना सायकली बहुधा ट्रकमध्ये टाकून नेत, म्हणून चढाचा प्रश्न त्यांना आला नाही. प्रश्न आला तो उतारावर. सुमारे ४०० मीटरांचा तो उतार आहे. स्वार आणि सायकल मिळून ९० किलोग्रॅम धरले, तर साडेतीन लाख ज्यूल ऊर्जा होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर थंड पाणी उकळीला येईल. तिचा मोठा भाग त्या मुठीएवढ्या हबमध्ये जाई, आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. नव्याने भरणे, म्हणजे रीपॅक, हेच त्या वाटेचे नाव पडले. सायकली हारल्या, पण त्या मुलांनी हब उघडून पाहिले. पुढे त्यांच्यातूनच डोंगरी सायकली बनवणारे कारागीर निघाले.

तेव्हा महागड्या सायकलीपेक्षा आधी मोजमाप करा. एक सोपा प्रयोग सांगतो. असा छोटा उतार शोधा की, जो संपल्यावर रस्ता बराच सपाट असेल आणि ज्यावर रहदारी नसेल. उतारावर एक खूण करा. तिची सपाट भागापासूनची उंची गवंडी वापरतात त्या पाण्याच्या पारदर्शक नळीने मोजता येते. प्रत्येकाने खुणेपासून पेडल न मारता, ब्रेक न लावता सायकल सोडून द्यावी आणि ती जेथे थांबेल तेथपर्यंतचे आडवे अंतर मोजावे. उंचीला अंतराने भागा. उंची १ मीटर आणि अंतर ५० मीटर असेल, तर उत्तर दोन शतांश. हाच तुमच्या सायकलीचा विरोध-गुणांक! हवेचा विरोध त्यात मिसळलेला असतो, म्हणून खरा आकडा थोडा कमी. गंमत अशी की, भागाकारात वस्तुमान गळून जाते. जाडा, बारीक, मुलगा, मुलगी, कोणीही बसा, निकाल मुख्यतः सायकलीचा लागतो. ज्याची सायकल निम्म्यात थांबेल, तिचे चाक उचलून फिरवा. हवा कमी आहे, छर्रे कोरडे आहेत, का ब्रेक घासतो, ते लगेच कळेल.

उरलेल्या फरकावर उपाय म्हणजे अदलाबदल. मोठा चढ आला की गिअरची सायकल मागच्याला द्यावी आणि काळी सायकल टोळीतल्या सर्वांत दांडग्याने घ्यावी. आमच्या टोळीत हा नियम लागू झाला, तेव्हा एका दांडग्याने वर पोहोचल्यावर काळी सायकल गवतात टाकली आणि बराच वेळ काही बोलला नाही. ‘मालगाडी’ हा शब्द त्यानंतर मी ऐकला नाही. थोडा खर्च जमत असेल, तर १८ ऐवजी २२ दातांचे फ्रीव्हील बसवून घ्यावे. चढावरचा दाब ३८ वरून ३१ किलोवर येतो. सपाटीवर वेग थोडा कमी होईल, पण शाळेची घंटा चुकेल इतका नाही.

आणि खड्या चढावर उतरून सायकल ढकलायला लाजू नका. १९७३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एस. एस. विल्सन ह्यांनी दाखवून दिले की, तेवढेच वजन तेवढेच अंतर नेण्यासाठी सायकलस्वाराला चालणाऱ्याच्या सुमारे एकपंचमांश ऊर्जा पुरते. पण ही किमया चांगल्या, सपाट रस्त्याची. उभ्या चढावर बहुतेक ऊर्जा वजन वर उचलण्यातच जाते, आणि वर बसणाऱ्याला सायकलचे लोखंडही वर न्यावे लागते, ढकलणाऱ्यालाही. तेथे सायकलीचा फायदा जवळजवळ संपलेला असतो. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीच्या पांदणीत तर सायकलच तुमच्या खांद्यावर बसते. ती चिकण माती चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामध्ये भरली की, न्यूटनचे काही चालत नाही, काडीने उकरत बसावे लागते.

कोणी म्हणेल, शर्यतीतले सायकलस्वार एकामागे एक चिकटून जातात, मग मागच्यानेच का नेट लावू नये? त्यांच्या वेगाला हवेचा विरोध सर्वांत मोठा असतो, म्हणून पुढच्याच्या आडोशाला फायदा होतो. आपल्या बारा किलोमीटरांच्या वेगाला हवा ३ न्यूटनांची. आडोसा घेऊन वाचणार काय? पांदणीत टोळी असते ती पंप एकाजवळ, पाने दुसऱ्याजवळ आणि बाभळीचा काटा तिसऱ्याच्या टायरमध्ये म्हणून. काटा शेवटच्याच्या चाकात घुसला आणि पंप घेऊन पहिला दोन किलोमीटर पुढे गेलेला असला, तर ती टोळी कसली?

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. नववीला ‘कार्य आणि ऊर्जा’ शिकवताना शाळेच्या सायकल-स्टँडवर वर्ग न्या. तेथे मुलींच्या सायकलीही असतात. पाच-पाच किलोमीटर रोज सायकल मारून येणाऱ्या ह्या मुली रविवारच्या टोळीत मात्र मला क्वचितच दिसतात. त्यांचे आकडे वहीत आले, तर मुलांच्या पुष्कळ फुशारक्या आपोआप उतरतील असा माझा अंदाज आहे.

तो मुलगा दहावीनंतर बाहेरगावी शिकायला गेला. त्याची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. त्याचा धाकटा भाऊ मात्र गेल्या हिवाळ्यात टोळीत आला, सायकल तीच. निघण्यापूर्वी आम्ही सगळ्यांच्या सायकली उलट्या करून चाके फिरवली. काळ्या सायकलीचे मागचे चाक एकतीस फेरे फिरले. गिअरवाल्यांपैकी एकाचे चाक एकोणीस फेऱ्यांत थांबले, आणि मग त्याच्या ब्रेककडे सगळी टोळी वळली.