दुपारचा तास आणि कंपासपेटी

रमजानात सगळ्यात कठीण वेळ कोणती, असं कुणी विचारलं तर मी इफ्तारच्या आधीचा अर्धा तास सांगणार नाही. तेव्हा फळं कापायची असतात, भजी तळायची असतात, कुणाला तरी बर्फ आणायला पिटाळायचं असतं. हात मोकळा नसतो. कठीण असते ती जोहरच्या नमाजनंतरची दुपार. पहाटे सहरीसाठी उठलेलं अंग, डोळ्यांवर पेंग, घसा कोरडा, आणि असरला अजून दीड-दोन तास. अशा वेळी हात आपोआप मोबाईलकडे जातो.

रोजा नुसता पोटाचा नसतो. डोळ्यांचा, कानांचा, जिभेचाही असतो, असं लहानपणापासून ऐकत आले. तो अंगठ्याचाही असतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. गेल्या रमजानात अशाच एका दुपारी मी एक व्हिडिओ आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पुढे ढकलला. दगडफेकीचा होता, आपल्याच जिल्ह्यातला म्हणून आलेला. पुरता पाहिलाही नव्हता. तासाभरात कळलं, तो परराज्यातला आणि कित्येक वर्षांपूर्वीचा. मी तो डिलीट केला, पण तोवर ज्यांनी पाहायचा त्यांनी पाहिला होता. गल्लीत कुणी भांडलं नाही. समोरच्या काकू मात्र त्या ईदला शिरखुर्म्याला आल्या नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

या वर्षी पहिल्या रोज्यापासून दुपारी फोन कपाटात ठेवते. सुरुवातीचे दोन दिवस नुसती घुसमट झाली. तिसऱ्या दिवशी मुलीच्या दप्तरातली कंपासपेटी समोर दिसली म्हणून उघडली आणि एक वर्तुळ काढलं. तेव्हापासून रोज तासभर हेच चाललं आहे. वाचकांना आज सांगायचं आहे ते याबद्दल.

शाळेत आपण सगळ्यांनीच ते फूल काढलेलं आहे. वर्तुळ काढायचं. कंपास जराही न हलवता त्याचं टोक वर्तुळाच्या रेषेवर कुठेही ठेवायचं आणि एक कंस मारायचा. तो जिथे रेषेला छेदतो तिथे टोक ठेवून पुढचा. असे सहा कंस मारले की सहावी खूण बरोबर पहिल्या बिंदूवर येऊन बसते आणि आत सहा पाकळ्या उमलतात. षटकोनाची बाजू वर्तुळाच्या त्रिज्येएवढीच असते, एवढंच त्यामागचं गणित. पण कंपासचा स्क्रू केसभर सैल असेल, पेन्सिल बोथट असेल किंवा तुमचं लक्ष जिन्यातल्या पावलांकडे गेलं असेल, तर सहावी खूण पहिलीवर बसत नाही. आणि चूक नेमकी कुठे झाली हे त्या वेळी सापडत नाही, कारण ती पाच पावलं साचत आलेली असते. मला पहिल्या आठवड्यात एकही फूल धड जमलं नाही. बी.कॉम. झालेली बाई मी!

जमायला लागल्यावर मात्र सोडवेना. त्याच सहा बिंदूंवर तेवढीच वर्तुळं काढत गेलं की कागदभर जाळं पसरतं. एक आड एक बिंदू जोडले की सहा टोकांचा तारा. दोन चौकोन एकमेकांवर तिरपे ठेवले की आठ टोकांचा. हा आठ टोकांचा तारा मदिनेत छापलेल्या कुरआनच्या प्रतींत दिसतो. पठणाचे भाग पाडणारी ती खूण आहे. आपल्याकडच्या प्रतींत पाऱ्याचा पाव, अर्धा, पाऊण भाग समासात शब्दांनी लिहिलेला असतो. रमजानात रोज कितीतरी वेळा त्या समासावर बोट ठेवते, म्हणून हा फरक लक्षात आला.

ही विद्या गंमतीची नव्हती, पोटाची होती. दहाव्या शतकात बगदादमध्ये अबुल वफा बुजजानी या गणितज्ञाने खास कारागिरांसाठी भूमितीचं पुस्तक लिहिलं. कंपासचं अंतर एकदा धरलं की न बदलता काय काय काढता येतं, हेही त्यात आहे. इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात अशा नक्षीच्या आकृत्यांची सुमारे २९ मीटर लांबीची गुंडाळी जपलेली आहे, ११४ आकृत्यांची. तिच्यातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे शाईच्या रेषांखाली टोकदार हत्याराने कागदावर ओरखडलेल्या, शाई न लावलेल्या रेषा आहेत. नक्षी ज्यांच्यावर उभी आहे त्या रेषा बघणाऱ्याला दिसतच नाहीत.

एवढ्या लांब जायलाही नको. छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्यात दिलरस बानो बेगमची कबर खालच्या पातळीवर आहे आणि तिच्याभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळी आहे. सहलीला जाणारे सगळे वरून वाकून कबर बघतात, नाणी टाकतात आणि बाहेर येऊन हा ताजमहालाची नक्कल आहे म्हणतात. पुढच्या वेळी पाच मिनिटं जाळीच बघा. कंपास कुठे टेकला असेल ते शोधा. आणि तिथल्या दरवाज्यावर दोन नावं आहेत, वास्तुकार अताउल्ला आणि स्थापत्य सांभाळणारे हंसपत राय. दोघांनी एकाच दरवाज्यावर नाव घातलं. त्या इमारतीवरून आज जे वाद रंगतात, त्यांत ही दोन नावं कुणी घेत नाही.

आता आक्षेपांकडे वळते. नात्यातल्या एका बुजुर्गांनी स्पष्ट विचारलं, रमजानातला वेळ तिलावतीचा, तू रेघोट्या काय मारतेस? प्रश्न चुकीचा नाही. माझं उत्तर एवढंच की मी तिलावतीचा वेळ कापलेला नाही, मोबाईलचा कापला आहे. ही इबादत आहे असा माझा दावा नाही. कुणी याला सूफी ध्यान वगैरे नाव देऊन शिबिरं भरवली तर मी जाणार नाही. जे आहे ते साधं आहे. हात गुंततो, नजर एका ठिकाणी राहते, श्वास आपोआप सावकाश होतो, आणि कुणाबद्दल काहीही ऐकायला-बोलायला जागा उरत नाही.

दुसरीकडे पुण्यातली भाची म्हणाली, मामी, यासाठी मंडलाची रंगवायची पुस्तकं मिळतात. मिळतात, पण दुसऱ्याने काढलेल्या चौकटी भरण्यात माझा जीव रमत नाही. तिथे चुकायची सोयच नाही. तिनेच दाखवलेलं झेंटँगल मात्र आवडलं. अमेरिकेत रिक रॉबर्ट्स आणि मारिया थॉमस या दोघांनी ते सुरू केलं. साडेतीन इंची चौकोनी कागद, कोपऱ्यांत चार ठिपके, आणि खोडरबर अजिबात नाही. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्यातूनच पुढचा नमुना काढायचा. मी हा नियम उचलला. शाळकरी वही, बारा रुपयांची पेन्सिल, खोडरबर परत मुलीच्या दप्तरात.

मग ठिपक्यांवरून काकूंच्या रांगोळीची आठवण झाली. काकूंकडे भोकं पाडलेला जुना जाड कागद आहे. त्यावरून पीठ फिरवलं की अंगणात ठिपके उमटतात. मध्ये अकरा, मग दोन्ही बाजूंना एकेक कमी करत सहापर्यंत. वहीत मांडून पाहिलं तर तो पुरता षटकोन निघाला. माझ्या वर्तुळांचे मध्यबिंदू जिथे येतात, अगदी तीच मांडणी. शंका म्हणून फाटकाशी जाऊन कागद मागितला. काकूंनी माझी वही उलटसुलट केली आणि म्हणाल्या, “भाभी, याला कंपास कशाला? चिमटीचा अंदाज बसला की झालं.” मग जरा थांबून, “पण रेघ स्वच्छ आली आहे.”

कागद मिळाला. गेल्या वर्षीच्या व्हिडिओबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. मेसेज डिलीट केला होता; माफी मागितलेली नव्हती, आणि त्या दिवशीही मागितली नाही.

आज सतरावा रोजा. कागद अजून माझ्याच टेबलावर आहे. परत करायला दुपारी नको, तेव्हा त्या झोपतात. संध्याकाळी मला इफ्तारची घाई. उद्या सकाळी जाईन, त्या अंगणात सडा घालतात तेव्हा. बोलायला वेळ लागेल.